भिंग कशावर टेकलंय? डोळ्याच्या मॉडेलचं परीक्षण, आणि मटणाच्या दुकानातला पर्याय

दुकानदाराने मॉडेल काउंटरवर ठेवलं की आधी वरचं अर्धं टरफल उचलायचं, बुबुळाचा भाग बाजूला करायचा आणि भिंग दोन बोटांत धरून वर ओढायचं. कोल्हापुरात शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळांना माल पुरवणाऱ्या दुकानांत डोळ्याचं जे प्लास्टिकचं मॉडेल सर्रास मिळतं, स्टँडवरचं, सहा भागांत सुटं होणारं, त्यात भिंग अलगद हातात येतं. मागे व्हिट्रिअसचा, म्हणजे डोळ्याच्या पोकळीत भरलेल्या जेलचा, पारदर्शक गोळा असतो, त्याला पुढून खळगा असतो आणि त्या खळग्यात भिंग ठेवलेलं असतं. वाटीत लिंबू ठेवावं तसं.

खऱ्या डोळ्यात भिंग कशावर ठेवलेलं नसतं. ते चहूबाजूंनी बारीक तंतूंनी टांगलेलं असतं. या तंतूंना मिळून झोन्यूल म्हणतात. भिंग मध्यावर राहणं, जवळचं दिसण्यासाठी त्याचा आकार बदलणं, मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये कृत्रिम भिंग जागेवर टिकणं, हे सगळं या तंतूंच्या जिवावर चालतं. मॉडेलमध्ये नेमके तेच गायब. म्हणून या परीक्षणात बाकी रंगरंगोटीपेक्षा भिंगाच्या कडेच्या फटीलाच जास्त वजन दिलं आहे.

वस्तू तीन आहेत: सहा भागांचं लहान मॉडेल, त्याच्यापेक्षा मोठं नि महाग पाच-सहा पट आकाराचं मॉडेल, आणि बकऱ्याचा डोळा. तिसरी वस्तू प्रयोगशाळेच्या साहित्यात मिळत नाही, पण तांबड्या-पांढऱ्या रश्शाच्या गावात तिची टंचाई असण्याचं कारण नाही.

लहान मॉडेलपासून सुरुवात करू. दहावीच्या वर्गाला ते पुरतं. पारपटल, बुबुळ, बाहुली, दृष्टिपटल, दृष्टीची नस कुठून बाहेर पडते ते, सगळं ओळखता येतं आणि आठवीतल्या पोरानेही सहा तुकडे पाच मिनिटांत परत जोडावेत इतकं ते सोपं आहे. खोट भिंगात आहे. माणसाचं भिंग दोन्ही बाजूंनी सारखं फुगीर नसतं. विश्रांतीच्या स्थितीत पुढच्या पृष्ठभागाची वक्रता-त्रिज्या सुमारे १० मिलिमीटर आणि मागची सुमारे ६, म्हणजे पुढून चपटं, मागून जास्त फुगीर. बऱ्याच मॉडेलांत भिंग दोन्हीकडून एकसारखं ओतलेलं असतं. ज्यांत फरक ठेवला आहे त्यांत पहिल्याच तासानंतर ते उलटं बसवलं जातं आणि पुढची दहा वर्षं उलटंच राहतं. घेतल्या दिवशी पुढच्या बाजूच्या कडेला पर्मनंट मार्करचा एक ठिपका द्या, प्रश्न मिटला.

आता खरी रचना. ती माहीत असल्याशिवाय मॉडेल काय लपवतंय ते कळणार नाही.

मोठ्या माणसाचं भिंग ९ ते १० मिलिमीटर रुंद आणि साधारण ४ मिलिमीटर जाड असतं. त्याच्याभोवती पातळ, पारदर्शक पिशवी असते, तिला कॅप्सूल म्हणतात. बुबुळाच्या मागे, डोळ्याच्या भिंतीला आतून चिकटलेलं एक कडं असतं, ती सिलिअरी बॉडी. हे कडं सुमारे ६ मिलिमीटर रुंद. त्याच्या पुढच्या २ मिलिमीटरमध्ये ७० ते ८० उभे उंचवटे असतात, मागचा ४ मिलिमीटरचा पट्टा सपाट असतो आणि त्याच्याही मागे दृष्टिपटलाचा दातेरी काठ सुरू होतो.

पुस्तकातल्या चित्रात उंचवट्याच्या टोकापासून भिंगाच्या कडेपर्यंत दोन-चार आखूड रेघा मारलेल्या असतात. त्यामुळे तंतू टोकापासून निघतात असा समज पक्का होतो. प्रत्यक्षात बहुतेक तंतू मागच्या सपाट पट्ट्यावरून, त्या दातेरी काठाच्या जवळून निघतात. तिथून ते पृष्ठभागाला लगटून पुढे सरकतात, दोन उंचवट्यांच्या मधल्या दरीत शिरतात आणि दरीच्या भिंतींना आणखी बारीक तंतूंनी जागोजाग बांधले जातात. दरीतून बाहेर पडताना त्यांना फाटा फुटतो. एक फांदी भिंगाच्या पुढच्या अंगाला जाते आणि कडेपासून सुमारे दीड मिलिमीटर आत चिकटते. दुसरी मागच्या अंगाला, कडेपासून सव्वा मिलिमीटरच्या आसपास. थोडे तंतू थेट कडेवर येतात. मांडवाची दोरी खांबापाशी संपत नाही, पार मागे जमिनीतल्या खुंटीला जाते, तसंच हे. उंचवटे म्हणजे वाटेतले खांब. खुंटी मागे आहे.

भिंगाची कड आणि उंचवट्यांची टोकं यांच्यातली उघडी फट माणसात जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. हा आकडा मोठ्या मॉडेलकडे वळताना लागणार आहे.

तंतू कशाचे, हा भाग शिकवताना बहुतेक वेळा वगळला जातो, आणि खरी गंमत तिथेच आहे. मुख्य घटक फायब्रिलिन-१ नावाचं प्रथिन. त्याचे १० ते १२ नॅनोमीटर जाडीचे सूक्ष्मतंतू बनतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते मण्यांच्या माळेसारखे दिसतात, दोन मण्यांतलं अंतर सुमारे ५६ नॅनोमीटर. असे असंख्य सूक्ष्मतंतू एकत्र येऊन झोन्यूलचा एक तंतू होतो, आणि तोही केसापेक्षा बारीक. कातडीत नि महाधमनीत हेच सूक्ष्मतंतू इलॅस्टिनला, म्हणजे रबरासारखं ताणणाऱ्या प्रथिनाला, आधार देणारा सांगाडा म्हणून असतात. झोन्यूलमध्ये इलॅस्टिन नाही, नुसता सांगाडाच आहे, तरीही ताणतो आणि परत येतो. कोलॅजेन या दोरखंडासारख्या चिवट प्रथिनावरही याची मदार नाही. कोलॅजेन पचवणारं एन्झाइम या तंतूंना काही करत नाही, अल्फा-कायमोट्रिप्सिन मात्र त्यांना विरघळवतं. मोतीबिंदूत भिंग पिशवीसकट काढायच्या काळात या गुणाचा उपयोगही झाला: १९५८ साली स्पेनमधले नेत्रशल्यचिकित्सक होआकिन बार्राकेर यांनी हे एन्झाइम डोळ्यात सोडून तंतू सैल करण्याची पद्धत मांडली.

नावाचं म्हणाल तर योहान गोटफ्रिड झिन या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १७५५ साली मानवी डोळ्याच्या रचनेचं वर्णन प्रसिद्ध केलं, त्यावरून झिनचं झोन्यूल. पावसाळ्यात बंगल्यांच्या कुंपणालगत फुलणारा झिनियाही याच माणसाच्या नावाचा. मॉडेलसोबत येणाऱ्या आकड्यांच्या कागदावर मात्र याच तंतूंना ‘सस्पेन्सरी लिगामेंट’ असं छापलेलं असतं. त्याचं मराठी करताना लिगामेंटला ठरलेला प्रतिशब्द म्हणून कुणी ‘अस्थिबंध’ लिहितं. इथे अस्थी औषधालाही नाही. झोन्यूल किंवा सरळ ‘भिंगाला धरणारे तंतू’ म्हणावं.

मोठं मॉडेल या सगळ्यात काय भर घालतं? बुबुळ काढलं की आतल्या बाजूला सिलिअरी बॉडी उठावात दिसते, उंचवटे ओतलेले असतात, काहींत त्यांवर काळ्या-तपकिरी रेषाही रंगवलेल्या असतात. दुकानात हे फार देखणं दिसतं. पण कागदावरचा सस्पेन्सरी लिगामेंटचा आकडा कुठे चिकटवलाय ते शोधा. बहुतेकदा तो याच रेषांवर सापडतो. रेषा उंचवट्यांच्या माथ्यावर आहेत, म्हणजे ते उंचवटेच, तंतू नव्हेत. मुलं त्या रेषा मोजून ‘तंतू ७२’ असं वहीत लिहितात, आणि त्यांचा दोष नाही. दुसरी कसोटी फटीची. पाचपट मॉडेलमध्ये भिंगाभोवती अडीच मिलिमीटर मोकळी फट हवी. मॉडेलमध्ये भिंग घट्ट बसवलेलं असतं, फट शून्य. तंतू दाखवायला जागाच ठेवलेली नाही.

हे मॉडेल वाया गेलं असं नव्हे. पारपटल आणि बुबुळ यांच्यातला कोन, डोळ्यातलं पाणी उंचवट्यांवर तयार होऊन बाहुलीतून पुढे येऊन त्या कोनातून निचरतं ती वाट, म्हणजे काचबिंदू समजावण्यासाठी लागणारं सगळं, यावर छान दाखवता येतं. ऑप्टोमेट्रीच्या किंवा नर्सिंगच्या वर्गाला त्यासाठी घ्यावं. भिंगाच्या टांगणीसाठी जास्तीचे पैसे घालू नयेत.

तंतू नसल्याने सर्वांत मोठं नुकसान होतं ते समायोजन, म्हणजे जवळचं-लांबचं दिसण्यासाठी भिंगाचा आकार बदलणं, शिकवताना. जवळचं बघताना सिलिअरी स्नायू आकसतो, हे सगळे पाठ म्हणतात. आकसला म्हणजे त्याने भिंगाला ओढलं, ओढलं म्हणजे भिंग ताणलं गेलं, असं पुढचं मुलं मनाने जोडतात आणि उत्तर बरोबर उलटं येतं. स्नायू कड्याच्या आकाराचा आहे. बटव्याची नाडी ओढली की तोंड लहान होतं, तसं स्नायू आकसला की कडं लहान होतं आणि थोडं पुढेही सरकतं. कडं भिंगाजवळ आलं, म्हणून तंतू सैल पडले. तंतू सैल पडले, म्हणून पिशवीच्या स्वतःच्या लवचीकपणाने भिंग जास्त गोल झालं, आणि नाभीय अंतर कमी झालं. लांबचं बघताना स्नायू ढिला, कडं मोठं, तंतू ताणलेले, भिंग चपटं. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८५५ साली मांडलेलं हे स्पष्टीकरण आजही मूळ गाभ्यात तसंच शिकवलं जातं. चाळिशी लागते तेव्हाही मुख्य गुन्हेगार तंतू नसतात: भिंग कडक होतं, तंतू सैल सोडले तरी ते गोल व्हायला तयार नसतं.

हे तंतू येतात कुठून? कोणत्याही मॉडेलच्या डब्यात याचं उत्तर नाही, गर्भाच्या वाढीचे तक्ते वेगळे मिळतात त्यांतही डोळ्याचा एवढा बारकावा नसतो. भिंग आणि सिलिअरी बॉडी यांचं मूळ वेगळं. भिंग बाहेरच्या त्वचेच्या थरापासून बनतं, चौथ्या आठवड्यात त्या थराला खळगा पडतो आणि तो सुटा होऊन पोकळ गोळी होते. सिलिअरी बॉडीचं अस्तर मेंदूतून वाढून आलेल्या, पेल्याच्या आकाराच्या भागाच्या काठापासून बनतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात या काठाला घड्या पडू लागतात आणि त्याच सुमाराला तंतूंचे पहिले धागे दिसू लागतात. सुरुवातीला घड्या भिंगाला जवळजवळ टेकलेल्या असतात. डोळा वाढतो तसं अंतर पडत जातं, तंतू लांब होतात, त्यांची संख्या आणि जाडी वाढते.

जुन्या लिखाणात झोन्यूलला ‘तिसरं व्हिट्रिअस’ म्हटलेलं आढळतं, म्हणजे मागच्या जेलचाच हा एक भाग असं धरलं होतं. आता चित्र वेगळं आहे. फायब्रिलिन तयार करतात त्या सिलिअरी बॉडीच्या आतल्या, रंगद्रव्य नसलेल्या थरातल्या पेशी. दोरी वळणारा कारखाना भिंतीकडे आहे, भिंगाकडे नाही. आणि एकदा दोरी घातली की नवी फारशी पडत नाही. बाळपणी मिळालेली टांगणी म्हातारपणापर्यंत पुरवावी लागते.

तंतू भिंगाला फक्त धरत नाहीत, घडवतातही. याचा पुरावा एका जन्मजात दोषात दिसतो. पेल्याची खालची फट गर्भात नीट मिटली नाही तर सिलिअरी बॉडीचा तेवढा तुकडा राहून जातो, तिथे तंतू येत नाहीत, आणि भिंगाच्या कडेला बरोबर त्याच जागी खाच दिसते. नाव पडलं भिंगाचा कोलोबोमा, पण भिंगातून काही कापलं गेलेलं नसतं. तेवढ्या भागाला ताण मिळाला नाही म्हणून कड आत राहिली. वर्गात सांगायला याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही.

तंतूंच्या प्रथिनातच खोट असेल तर काय होतं ते मार्फान सिंड्रोममध्ये दिसतं. फायब्रिलिन-१ चं जनुक १५ व्या गुणसूत्रावर आहे आणि मार्फानशी त्याचा संबंध १९९१ साली पक्का झाला. उंच, लांब बोटांचा माणूस, महाधमनी फुगण्याचा धोका आणि सरकलेलं भिंग, ही तिन्ही एकाच प्रथिनाची करणी. मार्फानमध्ये भिंग बहुधा वर नि बाहेरच्या बाजूला सरकतं आणि तंतू ताणलेले पण शाबूत दिसू शकतात. होमोसिस्टिन्युरिया या आनुवंशिक आजारात ते बहुधा खाली नि नाकाकडे जातं, तंतू तुटलेले असतात. हा दुसरा आजार आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आलं तरच होतो, म्हणून आपल्याकडच्या मामाच्या मुलीशी लग्नाच्या रिवाजाचा प्रश्न डॉक्टर विचारतात तेव्हा तो चौकशीखोरपणा नसतो. विटी किंवा चेंडू डोळ्यावर बसूनही तंतू तुटतात. अशा डोळ्यात नजर हलली की भिंग आणि बुबुळ थरथरताना दिसतं. मोतीबिंदू काढताना एखाद्या बाजूचे तंतू कमजोर सापडले तर सर्जन पिशवीत प्लास्टिकची एक उघडी रिंग बसवतात, ती पिशवीला आतून गोल ताणून धरते आणि ओझं उरलेल्या तंतूंवर सारखं वाटते. आजोबांच्या डिस्चार्ज कार्डावर ‘सीटीआर’ (कॅप्सुलर टेन्शन रिंग) लिहिलेलं असेल तर ती हीच.

तिसरी वस्तू, बकऱ्याचा डोळा. तंतू डोळ्यांनी बघायचे असतील तर याला तोड नाही, आणि खर्च मॉडेलच्या मानाने किरकोळ. खरेदीत एकच मोठी चूक होते. कोल्हापुरात मुंडी बहुतेकदा भाजून मिळते. भाजताना पारपटल पांढरं पडतं, आतलं प्रथिन शिजतं, आणि असा डोळा रश्शातच शोभतो. सकाळी लवकर जाऊन “मामा, न भाजलेल्या मुंडीचं डोळं अख्खं काढून द्या, सुरी लागू देऊ नका” असं स्पष्ट सांगावं. चार मागावेत, दोन तरी खराब होणारच. पालव्याचा, म्हणजे कोवळ्या बकऱ्याचा, डोळा थोडा लहान, पण भिंग स्वच्छ असतं. मात्र कोवळ्या डोळ्यात व्हिट्रिअस घट्ट जेलसारखं असतं आणि भिंगाच्या पाठीला जोरात चिकटलेलं असतं, ते लक्षात ठेवा.

डबा फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नको. बर्फाच्या कणांनी सगळं फाटतं आणि वितळल्यावर लगदा हाती येतो. फ्रिजमधून काढलेलं कोवळ्या जनावराचं भिंग कधी कधी धुकट दिसतं, मोतीबिंदू झाल्यासारखं. घाबरून फेकू नका. थंडीने होणारी ती तात्पुरती धुकटी आहे. डोळा खोलीच्या तापमानाला आला की भिंग पुन्हा काचेसारखं होतं. वर्गात दाखवायला हाही एक फुकटचा प्रयोग.

कापताना हातमोजे घाला. आधी बाहेरची चरबी नि स्नायू कात्रीने काढून पांढरा गोळा मोकळा करा. पारपटलाच्या बाजूने कापायचा मोह टाळा. डोळ्याच्या मध्यरेषेच्या थोडं मागे ब्लेडच्या टोकाने छोटं भोक पाडा आणि बारीक कात्रीचं एकच पातं आत घालून गोल फिरवत या. कात्रीचं टोक भिंतीलगत, बाहेरच्या बाजूला झुकलेलं ठेवायचं. फार पुढे कापलं तर तंतूंच्या खुंट्याच उपटल्या जातात आणि भिंग टपकन बाहेर पडतं. डोळा दाबला तरी तेच. मागचा अर्धा भाग सुटला की पुढचा अर्धा पारपटल खाली करून पाण्याच्या छोट्या वाटीत ठेवा. आता आपण भिंगाकडे मागून बघतोय. डोळ्याच्या सर्जरीच्या संशोधनात भिंगाची पिशवी नि तंतू बघायला हीच बाजू वापरतात, मियाके-ॲपल दृश्य म्हणून ते ओळखलं जातं.

व्हिट्रिअस एकदम ओढू नका. कात्रीने थोडं थोडं छाटा, उरलेलं टिश्यू पेपरच्या टोकाला चिकटवून हळू उचला. मधोमध भिंग, त्याच्याभोवती काळ्या उंचवट्यांचं कडं दिसेल, आणि मध्ये काहीच नाही असं वाटेल. इथेच बरेच जण थांबतात. तंतू पारदर्शक आहेत. सरळ वरून उजेड टाकला तर कधीच दिसणार नाहीत. वाटीखाली काळा कागद ठेवा, खोलीतला दिवा बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा, वाटीच्या काठाच्या पातळीवरून धरा. मग चिमट्याने भिंगाची पिशवी न फोडता कडेला धरून एका बाजूला मिलिमीटरभर सरकवा. समोरच्या बाजूच्या फटीत रेशमी चमक उमटेल, आणि हातात धरायच्या साध्या भिंगातून बघितलं तर कोळ्याच्या जाळ्यासारखे वेगवेगळे धागे दिसतील. भिंग आणखी ओढलं की उंचवट्यांची रांग त्यांच्याबरोबर आत खेचली जाते, सोडलं की सगळं जागेवर. हे एकदा बघितलेल्या मुलाला ‘भिंग टांगलेलं असतं’ हे वेगळं सांगावं लागत नाही.

फॉर्मलिनमध्ये ठेवलेले डोळे या कामाला निरुपयोगी: भिंग पांढरं नि टणक होतं, तंतू ठिसूळ होऊन ओढताच तुटतात. शिवाय त्याच्या वाफा डोळ्यांना नि घशाला झोंबतात, शाळेच्या बंद खोलीत नकोच. ताजा डोळा त्याच दिवशी वापरावा, उरलेलं गुंडाळून टाकून द्यावं. एक मर्यादा सांगितलीच पाहिजे: बकऱ्याचं भिंग माणसापेक्षा मोठं नि जाड असतं, बाहुली आडवी असते, आणि शेळी-मेंढीत समायोजनाची ताकद अगदीच कमी. तेव्हा रचना बकऱ्यावर दाखवा, क्रिया दाखवायला दुसरं काही लागेल.

ते दुसरं काही उद्यमनगरातल्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं: पाइपला लावायची होज क्लिप, साधारण १० सेंटिमीटर व्यासाची. स्क्रू पिळला की कडं लहान होतं, सिलिअरी स्नायूची याहून सरळ नक्कल नाही. मध्ये भिंग म्हणून छोटा फुगा, पाणी भरून साधारण ५ सेंटिमीटर. हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. फुग्यावर सायकलच्या पंक्चरच्या ठिगळाचे नखाएवढे तुकडे चिकटवा, सहा पुढच्या अंगाला, सहा मागच्या, प्रत्येक कडेपासून थोडा आत. सोल्यूशन अगदी पातळ लावा, जास्त झालं तर फुग्याचं रबर तिथेच मऊ पडून फुटतं. ठिगळांना बारीक गोल इलॅस्टिकचे दोरे बांधून दुसरं टोक क्लिपला. क्लिपचा दातेरी भाग आणि त्याच्या दोन्ही बाजूंची तीन-तीन सेंटिमीटर जागा मोकळी सोडा, नाहीतर पिळताना दोरे स्क्रूत अडकतात.

हे सगळं उभं धरू नका, पाण्याच्या वजनाने फुगा खाली लोंबतो. पसरट ट्रेमध्ये पाणी घेऊन त्यात आडवं ठेवा. क्लिप पूर्ण उघडी असताना दोरे ताठ आणि फुगा चपटा हवा. पिळा, कडं एक-दीड सेंटिमीटरने लहान झालं की दोरे सैल पडतात आणि फुगा वर उचलला जातो. बाजूला पट्टी उभी धरून जाडी मोजा. बिघडतं ते दोन ठिकाणी. इलॅस्टिक फार मऊ असेल तर ते एकटंच ताणतं, फुगा जागचा हलत नाही. थोडं कडक घ्या. आणि फुगा गच्च भरला तर तो आधीच गोल नि टणक असतो, क्लिप कितीही पिळा, फरक शून्य. तो फुगा फेकू नका, बाजूला ठेवा. चाळिशीनंतरचं भिंग म्हणून तोच दाखवायचा.

तर आमचा हिशेब असा. दहावीपर्यंतच्या शाळेने लहान मॉडेल घ्यावं, क्लिप-फुग्याचं यंत्र घरी बनवावं. बारावी जीवशास्त्र आणि ऑप्टोमेट्रीने त्याला बकऱ्याच्या डोळ्याची जोड द्यावी. मोठं मॉडेल काचबिंदू शिकवायचा असेल तरच. फक्त अर्ध्या कापलेल्या डोळ्याचा उठावाचा फळाही विकायला असतो. त्यात भिंग कायमचं चिकटवलेलं असतं, तो भिंतीवर टांगायलाच ठीक.

कुठलंही मॉडेल घ्या, दुकानात सगळे भाग दोनदा सुटे करून जोडून बघा. बुबुळाचा भाग खुंट्यांवर बसतो, त्या खुंट्या आधी तुटतात. काही मॉडेलांत तुकडे चुंबकाने धरलेले असतात, कोल्हापूरच्या पावसाळ्यात बंद कपाटात त्या चुंबकांना गंज चढून प्लास्टिकवर तांबडे डाग पडतात, तेव्हा जून लागायच्या आत ते कोरड्या फडक्याने पुसून वर व्हॅसलीनचं बोट फिरवावं. आणि जादा भिंग सुटं मिळतं का ते पैसे द्यायच्या आधी विचारा. सहा तुकड्यांतला पहिला हरवणारा तुकडा तोच असतो, कारण त्याला धरून ठेवायला आत काहीच नाही.